दहापैकी नऊ

मी, चंद्रहास विनायक खांबेटे, वय वर्षे बावन्न, राहणार वेल्डहोवन, नेदरलँड्स, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता, पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. केमोच्या पाचव्या फेरीनंतर तोंडाला चव नाही, बोटांना मुंग्या येतात. पण अक्कल होती तेवढी शाबूत आहे. ती मुळात किती होती, ते कलम चारमध्ये कळेल.

कलम १. घर आणि बँकेतलं सगळं पत्नी मृदुला हिला. त्याची रीतसर नोंद नोटरीकडे झाली आहे. हा कागद उरलेल्या गोष्टींचा, म्हणजे ज्या ऐकून नोटरी हसला असता त्यांचा.

कलम २. शेडमधली हत्यारं, तीन सायकली आणि पंप मुलगी भार्गवी हिला. मी मराठीत ओरडायचो, ती डचमध्ये उत्तर द्यायची, आणि पंक्चर शेवटी तीच काढायची. त्यामुळे हत्यारं तशीही तिचीच आहेत.

कलम ३. माझे मेहुणे नीळकंठराव पुण्याहून रोज सकाळी ‘रडतो तो हरतो’ छापाचे सुविचार पाठवतात. ते सर्व त्यांना साभार परत. स्वतःच्या मुतखड्याच्या वेळी त्यांनी अख्खी सोसायटी गोळा केली होती, याचीही नोंद असावी.

कलम ४. हे कलम मालमत्तेचं नाही, माझ्या मूर्खपणाचं आहे. हॉस्पिटल अधूनमधून एक ऑनलाइन फॉर्म पाठवतं. मनाला किती त्रास होतोय, ते शून्य ते दहा या आकड्यांत सांगायचं. सूचना वर लिहिलेल्या असतात. मी पंचवीस वर्षं चिप बनवणाऱ्या मशीनची सूचनापुस्तकं लिहितो. दुसऱ्याने लिहिलेल्या सूचना वाचणं मला कमीपणाचं वाटतं. दहापैकी म्हटल्यावर आपला माणूस मार्कच समजणार! आपली तब्येत झकास, असं ठरवून मी ऐटीत नऊ दिले. दहा कोणी देत नाही, मास्तर एक कापतातच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी नर्स आनेकेचा फोन. “मिस्टर खांबेटे, नऊ? आत्ता तुमच्याजवळ कोण आहे?” दहा म्हणजे असह्य, हे मला तेव्हा कळलं. मी हसत हसत खुलासा केला. ती हसली नाही. “बरं, मग खरा आकडा किती?” एवढंच तिने विचारलं, आणि मला शून्य म्हणता येईना. फोन घेऊन शेडमध्ये गेलो आणि सायकलच्या सीटवर डोकं टेकून ढसाढसा रडलो. बाई बिचारी वीस मिनिटं थांबली. खरा आकडा आठ निघाला. म्हणजे पेपर एकाच मार्काने चुकला होता.

तेव्हापासून दर गुरुवारी एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंशी व्हिडिओवर बोलतो. मृदुलाला सांगतो, ऑफिसची मीटिंग आहे.

कलम ५. मृदुला, कोरोनामुळे तुला केमोच्या खोलीत येऊ देत नाहीत. तू पार्किंगमध्ये गाडीत बसून राहतेस, आणि मी बाहेर येऊन म्हणतो, “काही नाही गं, मस्त झोप झाली.” साफ खोटं. मला मरणाची भीती वाटते. तुला एकटीला टाकून जाण्याची त्याहून जास्त वाटते. हे तू मी गेल्यावर वाचावंस, अशी माझी इच्छा आहे.

कलम ६. वरील इच्छा रद्द. परवा आनेकेला हे मोठ्या अभिमानाने सांगितलं, तर म्हणाली, “पण तेव्हा त्या तुम्हाला उत्तर कसं देणार?” च्यायला! एवढं साधं मला सुचू नये? तरी तोंडाने सांगायची हिंमत नाहीच. म्हणून हा कागद सह्या झाल्यावर स्वयंपाकघरात, तुझ्या चष्म्याखाली ठेवतो. मी वर झोपल्याचं सोंग घेऊन पडलेला असेन.

स्थळ: वेल्डहोवन

(सही) चंद्रहास विनायक खांबेटे

साक्षीदार. घरी दिवसाला एकच पाहुणा चालतो, म्हणून तारखा दोन. दोघांनी आपापलं पेन आणलं. मजकूर वाचू दिलेला नाही.
१. विश्वास देवस्थळी, शेजारी, २० फेब्रुवारी २०२१
२. शामला कर्वे, स्नेही, २१ फेब्रुवारी २०२१

(खाली, वेगळ्या अक्षरात)
वाचलं. तू आत असतोस तेव्हा मी गाडीच्या काचा वर करून रडते. मला कुणी फॉर्म पाठवला नाही रे. सरक, वर येतेय.
मृदुला