गडद कापडाचा कागद

॥ श्री ॥
सांडोर, वसई
१० जानेवारी २००५

चि. सौ. विनया हिस अ. उ. आ.

तुझं पाकीट पोचलं. फोन यांच्या खाटेपाशीच असतो, म्हणून पत्र लिहिते. घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज कायमचा गेला, तेव्हापासून हे बाजाराकडे फिरकलेले नाहीत. गिऱ्हाइकाने भाव विचारला तर काय करायचं, ही धास्ती. केळी व्यापारी वाडीवरून नेतो आणि हे ओटीवर बसून राहतात. जे सांगायचं ते टी-शर्टावरच छापायचं, ही तुझी युक्ती म्हणून तर मला इतकी पटली.

पण तुझी नणंद पडली शहाणी! तू घरच्या प्रिंटरवर छापून पाठवलेला कागद मी निळ्याशार टी-शर्टावर इस्त्रीने उमटवला आणि अक्षरं कापडात पार बुडाली. पांढरा टी-शर्ट घेता आला असता, पण केळीच्या चिकाचा डाग जन्माचा. आमच्या वाडीत पांढरं कोण घालतं? हे बघून हसले मात्र. मग पुन्हा ओटीवर जाऊन बसले, तेव्हा मला रडू आलं. काही मार्ग असला तर कळव.

परेशला आशीर्वाद. नणंदेवर माया ठेवतेस, तशीच ठेव.

तुझी,
सुशीलावन्सं


पुणे
१९ जानेवारी २००५

ती. सौ. वन्संना सा. न. वि. वि.

चिकाचं माझ्या ध्यानातच आलं नाही. दुकानात दोन तऱ्हेचे कागद असतात. मी घेतला तो फिकट कापडाचा. त्यातून खालचा रंग दिसतो. सोबतचा गडद कापडाचा आहे. त्याला पांढरा थर असतो, त्यामुळे अक्षरं उठून दिसतील. मागचा कागद सोलून अक्षरं वर ठेवा, त्यावर पाकिटातला पातळ कागद घाला आणि मग इस्त्री दाबा. खाली गोधडी नको, लाकडी पाट घ्या. आणि पाण्याचा शिपका अजिबात मारू नका! ताई शिपका मारल्याशिवाय राहायची नाही, असं हे पैजेवर सांगतात. त्यांना हरवाच.

आभार मानू नका. लग्नानंतर पहिल्यांदा सांडोरला आले, तेव्हा बुजलेल्या मला भावोजींनीच बोलतं केलं होतं. ते मी विसरलेले नाही.

धाकटी समजून लोभ करता, तो उणा होऊ देऊ नका.

आपली,
विनया


सांडोर
३१ जानेवारी २००५

चि. सौ. विनया हिस अ. उ. आ.

परेश पैज हरला. पाण्याचा तांब्या मी आधीच शेजारच्या सालोमीकडे नेऊन ठेवला होता!

‘बोलता येत नाही. केळी घरच्या वाडीची. भाव बोटांवर.’ लांबूनही वाचता येतं. काल हे तो टी-शर्ट घालून बाजारात गेले. मी मागोमाग निघाले, तर हातानेच परत पाठवलं. दुपारी आले ते रिकाम्या टोपल्या घेऊन. जुनी गिऱ्हाइकं भेटली, एका बाईंनी तर डोळे पुसले, असं खुणांनी सांगितलं. विनया, तुझे उपकार मी कुठे ठेवू ग?

जेवण झाल्यावर यांनी कॅलेंडरचं पान फाडून त्यामागे काही लिहिलं आणि ते तुला पाठव म्हणून खूण केली. पाठीवर छापून हवं आहे. उभ्या जन्मात बाजारात केळी विकताना हे एकच आरोळी देत आले, तीच लिहिली आहे: ‘साखर घ्या, साखर!’ वाचली आणि मला यांच्याच आवाजात ऐकू आली.

कागद गडद कापडाचाच घे. अक्षरं मोठी कर.

तुझ्या लोभाची ऋणी,
सुशीलावन्सं