हरिबाकाकांना तारीख द्यायची आहे

प्रिय शिवा,

फोनवर चर्चचं नाव काढलं की तू फोन ठेवतोस, म्हणून लिहिते आहे. कुर्डुवाडी काही परदेश नाही, तरी अप्पा गेल्यापासून तू सोलापूरच्या आमच्या गल्लीत पाऊल टाकलं नाहीस. त्याबद्दल तुला कधी बोलले नाही, आजही बोलणार नाही. आनंदाची बातमी आधी देते. हरिबाकाकांचा हिशेब मी चुकता केला. भर चर्चमध्ये, सगळ्यांच्या देखत.

नवे पाळकसाहेब तरुण आहेत. ख्रिसमसला गल्लीतल्या लोकांना बोलवावं, आपल्या भाषेतलं, आपल्या चालीचं काही व्हावं, असं त्यांच्या मनात होतं. कुणीतरी त्यांना अप्पांच्या भजनाबद्दल सांगितलं. येशूचं नाव आणि चाल मात्र अक्कलकोटकडची, आजीच्या तोंडची. अप्पांची एकतारी, गल्लीतल्या संगप्पामामांचे टाळ आणि हुसेनसाबचाचांची ढोलकी. याच भजनापायी चर्चचे पंच हरिबाकाकांनी अप्पांना प्रभुभोजनातून बाद केलं होतं. हे देवळातलं इथं चालणार नाही, सोडतो म्हणून कबूल करा, मग भाकरीचं ताट मिळेल, असं काकांचं म्हणणं. अप्पांनी कबूल केलं नाही आणि चर्चही सोडलं नाही. शेवटच्या बाकावर बसायचे. भाकरीचं ताट त्यांच्या समोरून पुढं जायचं आणि ते मान खाली घालायचे. मरेपर्यंत. मातीच्या दिवशीही टाळ घेऊन आलेल्या संगप्पामामांना काकांनी स्मशानभूमीच्या फाटकात अडवलं. तेव्हा तू माझा हात धरून म्हणालास, "अक्का, ह्याला सोडायचं नाही." मी सोडलं नाही.

पाळकसाहेबांना मी लगेच हो म्हटलं. स्वतः मामांच्या घरी गेले. मामा इतके हरखले की अप्पांचं नाव घेऊन म्हणाले, "बसप्पाच्या चर्चमधी गायाचं? म्या येतो की!" हुसेनसाबचाचांनी नवी ढोलकी आणली. त्यांना काय माहीत, मला गाणं नको होतं. मला साक्षीदार हवे होते. ख्रिसमसच्या दिवशी काका प्रार्थनेला उभे राहिले आणि मी मधेच उठले. चिंचोळीच्या कारखान्यात दिवसभर मशिनींच्या आवाजात बोलून माझा आवाज कसा झालाय ते तुला माहीत आहे. म्हटलं, "आमच्या अप्पांच्या पुढून ताट नेलंत, ते कुणाच्या नावानं नेलंत ते आधी सांगा, मग प्रार्थना करा." काकांनी बाकाचा आधार घेतला. त्यांच्या बायकोनं, गुरम्माकाकूंनी, त्यांना खाली बसवलं. ते पाहून मला जे वाटलं, ते कसं सांगू? भूक लागलेल्या माणसाला पोटभर जेवण मिळावं तसं.

मामांनी टाळ पिशवीत घातले. जाताना माझ्याजवळ थांबून म्हणाले, "आमी गायाला आलतो, पोरी. तुज्या बापानं आमाला असं कदी न्हाय बोलवलं." भजन झालंच नाही. तेव्हा मला मामांचा रागच आला. दुसऱ्या दिवशी बायका घरी येऊन म्हणाल्या, बरं केलंस. काका त्यानंतर चर्चला आले नाहीत. नव्या वर्षाच्या प्रभुभोजनाला पाळकसाहेब नेहमीप्रमाणे म्हणाले, ज्यानं त्यानं आधी आपलं मन तपासावं. मी डोळे मिटले. काकांची रिकामी जागा डोळ्यांसमोर आली आणि मी खुशाल भाकरी घेतली. गोड लागली, शिवा.

जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या आधी, गुरम्माकाकू दारात आल्या. काकांची दोन्ही मूत्रपिंडं गेलीत, एक दिवसाआड दवाखाना. त्यांना आपल्या घरी यायचंय. तुझ्यासमोर आणि माझ्यासमोर एकत्र, अप्पांच्या फोटोपुढं बोलायचंय. "दोघं पोरं पायजेत, म्हणतात," एवढंच सांगून त्या उभ्या राहिल्या. मी म्हटलं, शिवाला सुट्टी नाही. तुला विचारलंही नव्हतं. पुन्हा आल्या, तेव्हा म्हटलं, यात्रा होऊ दे. तिसऱ्यांदा म्हटलं, शिवाच्या वर्कशॉपमध्ये काम जास्त आहे. दर वेळी काकू "बरं" म्हणून जिना उतरायच्या, आणि मी दार लावून चहा ठेवायचे.

काल चौथ्यांदा आल्या. जिना चढवत नव्हता, खालूनच हाक मारली. डॉक्टरांनी आता फार दिवस दिलेले नाहीत म्हणाल्या. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं ते मी तुला सोडून कुणाला लिहिणार? मनात आलं, मग अजून थोडीच कळ काढायची आहे. मी तारीख का पुढं ढकलते आहे ते मला तेव्हा कळलं. क्षमा मागायला मिळू नये आणि त्याआधीच त्यांनी मरावं, याची मी वाट पाहते आहे. अप्पांना त्यांनी ताट दिलं नाही. मी तर त्यांच्यापेक्षा पुढं गेले. मी क्षमा केलेली नाही. करीन की नाही, तेही माहीत नाही. राग आहे तसाच आहे, आणि तो मला आवडतो. पण एकटी राहिले तर मी पाचव्यांदाही खोटं बोलेन, हे नक्की. म्हणून रविवारी सकाळच्या गाडीनं ये. तू येतोयस असं मी काकूंना आत्ताच, हे पत्र पाकिटात घालायच्या आधी, सांगून आले आहे. तू आला नाहीस तर दार मला एकटीला उघडावं लागेल, आणि मी उघडेन असं मला वाटत नाही.

तुझीच,
भुवनेश्वरी अक्का