तुमच्या नावाने शोधलेली गल्ली

नाना, माझी धुळ्याला बदली झाली. जूनमध्ये ऑर्डर आली, जुलैत हजर झाले, आणि आता मार्गशीर्ष सुरू आहे. तुम्हांला काही कळवायची सवय सुटून सतरा वर्षं झाली. तुम्ही गेलात तेव्हा तुमची नात जन्मायची होती. आता ती अकरावीला आहे आणि माझ्यापेक्षा दोन बोटं उंच आहे. तिच्या वडिलांपासून मी सहा वर्षांपूर्वी वेगळी झाले, रीतसर, कोर्टात जाऊन. हेही तुम्हांला माहीत नाही. म्हणजे आता आम्ही दोघीच. जळगावातलं बस्तान, तिची शाळा, ओळखीचा भाजीवाला, गॅसवाला, सगळं सोडून सत्तेचाळिसाव्या वर्षी नव्या गावात घर शोधायचं म्हटल्यावर मी आधी दोन दिवस नुसती पडून राहिले. मागणं तरी काय मोठं होतं? दोन खोल्या, पाणी, बिनघोर येता-जाता येईल असा रस्ता आणि माझ्या पगारात बसेल असं भाडं. पोरगी क्लासहून सातला परतणार, मी ऑफिसातून कधी सहाला, कधी आठला. मधल्या वेळात ती एकटी. त्या वेळात माझा जीव टांगणीला लागू नये, एवढंच मला हवं होतं.

मग तुमची ती रीत आठवली. असोद्याहून आपण जळगावला राहायला आलो तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आई म्हणत होती, खोलीला ओल आहे का बघा, मोरी आत आहे का बघा. तुम्ही खोली बघतच नव्हता. तीन रविवार तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून गल्ल्या हिंडवल्या. पोस्टमन माणूस, रोज अर्धवट पत्त्यांची पत्रं घेऊन दारोदार विचारणारा. तुमचं म्हणणं, गल्ली कशी आहे ते पत्ता विचारल्यावर कळतं. म्हणून तुम्ही मुळात नसलेल्याच एका माणसाचं नाव बनवलं होतं आणि ते विचारत फिरायचात. मला अजून दिसतं. नव्या कॉलनीतला एक जण फाटकाआडूनच मान हलवतो आणि दार लावून घेतो. तुम्ही सायकल वळवता. पुढच्या एका गल्लीत दोन बायका ज्वारी निवडत बसल्यात. तुम्ही नाव सांगता. त्या सूप बाजूला ठेवतात. कोन्या गावचा? काय करते तो? बायको कुठली त्याची? तोवर आतून एक म्हातारा बाहेर येतो, समोरच्या घरातून पाण्याचा तांब्या येतो, आणि पाच माणसं मिळून त्या नसलेल्या माणसाला शोधायला लागतात. तुम्ही पाणी पिता, मिशीतल्या मिशीत हसता आणि मला म्हणता, "घर नको पाहू माय, गल्ली पाह्य. जे उलटून इचारतात ना, ते राखतात." पंधरा दिवसांत आपण तिथे राहायला गेलो. मोरी बाहेर होती, आणि आई कित्येक दिवस तुमच्याशी धड बोलली नाही.

त्या गल्लीने मला राखलं, हे कबूल करते. ताप आला तर तीन घरांतून काढे यायचे. पण अठराव्या वर्षी कॉलेजातल्या चौघांबरोबर, त्यात दोन मुलगे, मी स्टँडजवळ उसाचा रस प्यायला बसले, तर ती बातमी माझ्याआधी घरी पोचली. तुम्ही मला घरात नाही विचारलंत. ओट्यावर विचारलंत, सगळ्यांसमोर, मी खांद्यावरची पिशवी उतरवायच्या आत. "कुठी होती?" समोर बसलेल्या बायकांपैकी एकीची गोधडीतली सुईसुद्धा थांबली. मी उत्तर न देता आत गेले आणि चार महिने तुमच्याशी बोलले नाही. एखादी थोबाडीत मारली असतीत तरी चाललं असतं नाना. आत बोलावून विचारायला तुम्हांला काय जड होतं? हे मी कधी बोलले नाही, तुम्हीही विषय काढला नाहीत, आणि ते तसंच राहून गेलं. त्या वर्षी मी मनाशी ठरवलं होतं की पुढे जिथे कोणी कोणाला काही विचारत नाही अशाच ठिकाणी राहायचं.

धुळ्यात विचारणाऱ्यांना तोटा नव्हता, फक्त प्रश्न एकच होता. एजंट स्कूटरवरून उतरता उतरता विचारायचा, "मिस्टर कुठे असतात मॅडम?" पहिल्या चार-पाच ठिकाणी मी खरं सांगितलं. एक जण म्हणाले, "आम्ही फॅमिलीलाच देतो हो." मी म्हटलं, आम्ही दोघी फॅमिलीच आहोत. ते हसले आणि किल्ली खिशात टाकली. एका बाईंनी चहा दिला, बिस्किटं दिली, पाणी कितव्या दिवशी येतं आणि टाकी केवढी आहे तेही सांगितलं, आणि मिस्टरांचं कळल्यावर त्यांना एकदम आठवलं की ती खोली त्यांच्या पुतण्यासाठी ठेवलेली आहे. जूनचे तीन रविवार मी सकाळच्या बसने येत होते आणि संध्याकाळी परत जात होते, पाय सुजलेले, डोकं बधिर. चौथ्या रविवारी नवा एजंट भेटला. त्याने विचारलं आणि माझ्या तोंडून आपोआप गेलं, "नरडाण्याला. कंपनीत आहेत. शिफ्ट ड्यूटी असते, तिथेच राहतात." त्याने मान डोलावली आणि त्याच्याकडे एकाएकी तीन घरं निघाली.

त्यातलं एक हायवेच्या पलीकडे होतं, नुकतेच प्लॉट पाडलेल्या जागेत. भाडं अगदी परवडणारं, खोल्या हवेशीर, पण चहूकडे नुसत्या बाभळी आणि हद्दीचे दगड. रिक्षावाला म्हणाला, अंधार पडल्यावर आम्ही इकडची सवारी घेत नाही ताई. दुसरं चांगल्या वस्तीतलं अपार्टमेंट. पोरगी त्या दिवशी माझ्याबरोबर होती. गॅलरीत जाऊन उभी राहिली आणि किती दिवसांनी तिचा चेहरा खुलला. खाली गेट, कॅमेरा, लिफ्ट. वॉचमनने वही पुढे केली, नाव लिहा, वेळ लिहा, आणि पुन्हा मोबाइलमध्ये मान घातली. मला ते फार आवडलं, खोटं कशाला बोलू? पण भाडं ऐकलं आणि आम्ही दोघी जिना उतरून आलो. लिफ्टचं भानही राहिलं नाही.

तिसरं घर जुन्या पेठेतल्या गल्लीत. इथे जुन्या गल्ल्यांना नंबर आहेत, तुम्हांला बरं वाटलं असतं. एजंट किल्ली आणायला गेला, पोरगी कोपऱ्यावर पाण्याची बाटली घ्यायला, आणि मी एकटी उभी. एका ओट्यावर एक म्हातारी लसूण सोलत होती. मनात आलं, विचारून बघू. पण तुम्ही बनवलेलं ते नाव काही केल्या आठवेना, आणि घाईत मी तुमचंच नाव विचारलं, आडनावासकट. पोस्टात होते, असंही सांगितलं. म्हातारीने लसूण खाली ठेवला. "कोन शे तो? कोनता गावना?" आपल्याकडे 'मले' म्हणतात, इथल्या अहिराणीत 'माले', पण प्रश्न तेच. मी म्हटलं, असोद्याचे. "आते काय करस?" रिटायर झालेत. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, चपला पायात सरकवल्या. "चाल माय, मी येस तुना संगे." मी नको नको म्हणेपर्यंत ती पुढे निघालीसुद्धा. दर दारात हाक, "ओ भाऊ, पोस्टवाला नाना ऱ्हास का आठे?" एक शिंपी मशीन थांबवून बाहेर आला. म्हणाला, मागच्या गल्लीत पोस्टातले एक होते, पण ते उंचपुरे. तुमचे उंच आहेत का? मी म्हटलं, नाही, बुटके. टोपी घालतात? घालतात. सायकल? हो, सायकल. भर उन्हात सहा-सात माणसं तुम्हांला शोधत होती नाना, दारं वाजवत, एकमेकांना विचारत, आणि मी त्यांच्या मागून चालले होते. एका दाराची कडी आतून वाजली तेव्हा मला खरंच वाटलं की तुम्हीच बाहेर याल. एक परकी बाई बाहेर आली. मी तिच्याच पायरीवर बसले आणि रडले. सगळ्यांना वाटलं, ऊन लागलं.

पाणी झालं, पंख्याखाली बसवणं झालं, तोवर पोरगीही बाटली घेऊन पोचली. मग त्या म्हातारीने, त्यांना सगळे अक्का म्हणतात, माझा हात धरून विचारलं, "तुना घरवाला कोठे शे?" खरं माझ्या अगदी ओठावर होतं. तेवढ्यात एजंट किल्ली हलवत आला आणि माझ्या वतीने बोलून मोकळा झाला, "यांचे मिस्टर नरडाण्याला असतात." मी मान हलवली. घर समोरचंच होतं, भाडं बसत होतं. परतीच्या बसमध्ये पोरीला सांगितलं, कोणी विचारलं तर पप्पा नरडाण्याला आहेत म्हणायचं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आणि कधी येतात म्हणून विचारलं तर?" मी म्हटलं, सुट्टी मिळेल तेव्हा. तिने कानात इअरफोन घातले, ते पारोळा आल्यावर काढले.

गल्ली तुमच्या मापाची निघाली. पाण्याच्या दिवशी मी ऑफिसात असले तर अक्का आमच्या पिंपात नळी सोडून देतात. पोरीला यायला दहा मिनिटं उशीर झाला तर शिंप्याची बायको कोपऱ्यापर्यंत जाऊन बघून येते. माझा जीव टांगणीला नाही. पण दर रविवारी कोणी ना कोणी आला नाही का म्हणून विचारतंच, "उना नही का घरवाला?" आणि मी त्याला ओव्हरटाइम लावते. एकदा ताप आणला, एकदा साहेबांच्या घरी लग्न काढलं. संसार होता तेव्हासुद्धा नवऱ्यासाठी इतकी डोकेफोड मी केली नव्हती. शनिवार आला की उद्याचं कारण शोधायला लागते, आणि मी थकले आहे नाना. या गल्लीत मला राहायचंय, पोरीची बारावी होईपर्यंत तरी. हे उघडं पडलं तर खरं बोलणाऱ्या म्हणून आमच्याकडे कोण बघणार?

परवाच्या रविवारी गल्लीचं भरीत होतं. मी मुद्दाम असोद्याहून चुलतभावाकडून हिरवी वांगी मागवली होती. दुपारी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवून बाप्यांनी वांगी भाजली, आणि आम्ही बायका ओट्यावर साली काढत बसलो. अक्का माझ्या शेजारी. हात काळे झालेले, डोळ्यांत धूर. त्यांनी माझ्याकडे न बघता, अगदी हळू म्हटलं, "तुनी पोरनी माले पहिलाच दिन सांगेल शे. मी कोनले सांगं नही."

पहिल्याच दिवशी. म्हणजे पाच महिने मी ताप, लग्नं, ओव्हरटाइम सांगत होते, आणि ही बाई मान डोलावून ऐकून घेत होती. ओट्यावर आठ-दहा बायका होत्या, त्यांच्यातल्या एकीलाही ऐकू जाणार नाही अशा बेताने ती बोलली. मी नुसतं हो म्हणायचं होतं. तेवढंही नको, गप्प बसले असते तरी भागलं असतं. आणि मी काय म्हणाले असेन? "नाही हो अक्का, तिला काय कळतंय. डबल शिफ्ट लागली त्यांना, नाहीतर येणारच होते आज." अक्कांनी हातातलं वांगं सोलून संपवलं. म्हणाल्या, "बरं माय. डबा भरी देसू त्याले."

आणि खरंच दिला. पोरगी डब्याकडे बघून म्हणाली, "मी तर सांगितलं होतं त्यांना. विचारलं, सांगितलं. त्यात काय?" तो डबा सोमवारी मी ऑफिसात एकटीने खाल्ला. संध्याकाळी घासूनपुसून परत द्यायला गेले, तर अक्कांनी झाकण उघडून आत बघितलं आणि विचारलं, "आवडनं का त्याले?" बोलण्यात थट्टा नव्हती, टोमणाही नव्हता. मी म्हटलं, खूप.

हे पत्र कुठे जायचं नाही, घरभाड्याच्या कागदांत राहील. पण खरं कोणाला तरी सांगायचं होतं, आणि जिला सांगायला हवं ती आत्ता समोरच्या ओट्यावर बसली आहे, इथून दिसते आहे. आजही मी दिवा लावला, कुकर लावला, आणि उंबऱ्यापर्यंत जाऊन परत आले.