राहून गेलेले हसू

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५. भेस्तान, सुरत.

आदरणीय मालतीबाई, रोजनिशी लिहिण्याचे धाडस करीत आहे, त्याबद्दल आधी क्षमा मागते. ज्यांच्या आयुष्यात काही घडते त्यांनी रोजनिशी लिहावी. माझ्या आयुष्यात आजवर केवळ परीक्षा घडल्या. तुम्ही माझे निबंध वर्गात वाचून दाखवत असा तेव्हा मी बाकाखाली पडलेली पेन्सिल शोधत असे, ती पडलेली नसली तरी. परंतु निरोप घेताना तुम्ही म्हणालात, परक्या गावी बोलायला कोणी नसेल तर लिहीत जा आणि नंतर मला पाठव. म्हणून हे मोबाईलवर लिहिते.

प्रवास सुखाचा झाला. नंदुरबारपासून खिडकी मिळाली. कुसुममावशी उधन्याला न्यायला आली होती. माझ्या पिशवीत कपड्यांपेक्षा पुस्तके जड आहेत हे कळल्यावर तिने फलाटावरच मला विचारले की एवढे सामान अंगात घालणार आहेस की डोक्यात. घर दोन खोल्यांचे आहे. समोरच्या ओट्यावर बायका साड्यांना टिकल्या लावत बसतात आणि गुजराती, हिंदी, अहिराणी अशा तिन्ही भाषांत एकाच वेळी भांडतात. मला इथे आवडेल असे वाटते.

कामाविषयी. एका दूरचित्रवाणी वाहिनीसाठी एकाहत्तरच्या युद्धावर माहितीनाट्य तयार होत आहे. वृद्ध जवानांच्या मुलाखती, नकाशे आणि त्यांच्यामध्ये नटांकडून करवून घेतलेले प्रसंग, अशी त्याची रचना. मराठी निवेदन मी लिहायचे. पगाराचा आकडा ऐकून मावशीचे यजमान, म्हणजे काका, दोनदा म्हणाले, चांगलंय, चांगलंय.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

चित्रीकरण सुरतेजवळच्या सचिन या गावच्या औद्योगिक वसाहतीतील एका बंद पडलेल्या रंगाईच्या शेडमध्ये चालते. भिंतींवर अजून निळे-जांभळे ओघळ आहेत. मधोमध वाळूच्या पोत्यांचा बंकर उभारला आहे, त्यात तापीची वाळू. वाळवंट दाखवायचे तेव्हा सगळे इच्छापोरच्या पुढे, खाडीकडच्या मोकळ्या पट्ट्यात जातात.

कथा खरी आहे असे दिग्दर्शक योगेंद्रभाई सांगतात. खानदेशातला लोटू नावाचा एक शिपाई सरहद्दीवरच्या चौकीत बिनतारी यंत्र सांभाळत होता. तोफगोळा पडून बंकर खचला, तो वाळूखाली गेला आणि पुन्हा सापडला नाही. त्याचा एकही फोटो कोणाकडे नाही. कधी काढलाच नव्हता म्हणतात. त्यामुळे योगेंद्रभाईंना हवा तो चेहरा घेण्याची मोकळीक मिळाली आणि त्यांनी भटूला घेतले.

भटू लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करतो, साक्रीकडचा आहे, बायको योगितासह भेस्तानलाच राहतो. सुट्टीच्या दिवशी गर्दीत उभे राहण्यासाठी आला होता, तो शिपाई लोटू झाला. तो फार हसतो. लूमच्या खडखडाटात आवाज पोहोचत नाही, म्हणून शेजारच्या मागावरच्या माणसाला कळेल असे सगळ्या अंगाने हसावे लागते, असे त्याचे शास्त्र आहे. आज मला म्हणाला, “काय व ताई, तू हासनी तं तुना पगार कापतस का?” मी निवेदनाच्या कागदात तोंड घातले.

माणसे कमी असल्यामुळे मला आणखी एक काम दिले आहे. मागच्या शॉटमध्ये कोणते बटण उघडे होते, धूळ कोणत्या गालावर होती, हे लक्षात ठेवून सांगायचे. मुद्रिते तपासण्यासारखेच आहे. आनंदाने करते.

सोमवार, १० नोव्हेंबर

चित्रपट क्रमाने घेत नाहीत हे मला ठाऊक नव्हते. आज मरणाचे प्रसंग झाले. जगण्याचे त्यानंतर आहेत.

रंगभूषा करणारी धनश्री मूळची जळगावची. तिने मला इथली एक रीत सांगितली. पडद्यासाठी जो मरतो, त्याला मेलेला ठेवून कॅमेरा बंद करायचा नाही. कॅमेरा चालू असतानाच कोणीतरी त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारायची, त्याने उठायचे, कॅमेऱ्यात बघून हसायचे आणि मगच कट म्हणायचे. तो तुकडा कोणी वापरत नाही. पण घेतात. सकाळी तीन जवान मेले आणि तिघेही उठून हसले. एकाने तर कॅमेऱ्याला डोळा मारला. मला ही रीत गोड वाटली.

भटूची पाळी शेवटी आली. छातीपर्यंत वाळू, एक हात बाहेर. तो इतका निश्चल पडला की चहा देणारेही थांबले. शॉट संपत असतानाच जनरेटर बंद पडून दिवे गेले. योगेंद्रभाई चिडले, लोक वायरी गुंडाळू लागले. तेवढ्यात धनश्रीने लांबून मला विचारले, भटूचे हसणे झाले का? लक्ष ठेवणारी मीच होते. सगळे माझ्याकडे पाहू लागले.

झाले नव्हते. तसे म्हटले असते तर दमलेल्या साऱ्यांना पुन्हा दिवे लावावे लागले असते, आणि तेही माझ्या एका शब्दावर. मी मान हलवली. झाले, अशी.

नंतर भटू आपला आपणच उठला. मी पाहिले. उठला म्हणजे झालेच की.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

भटू आज बोलला नाही. दमला असेल. योगेंद्रभाई खूश आहेत. म्हणाले, हा आता खरा नट झाला.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

हे शक्य तितके नेमके लिहिण्याचा प्रयत्न करते.

आमच्या कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर माणसाचा चेहरा आला की त्याच्याभोवती आपोआप पिवळी चौकट उमटते. चेहरा हलला तर चौकट त्याच्यामागे जाते. जवळ आला तर मोठी होते. आज इच्छापोरला भटू घरी पत्र लिहितो तो प्रसंग होता. त्याच्या चेहऱ्यावर चौकट येईना. दुसरा जवान शेजारी बसला की लगेच त्याच्यावर येई. कॅमेरामनने भिंग पुसले, कॅमेरा बदलला. शेवटी हाताने फोकस जमवून शॉट घेतला.

दुपारी आम्ही बंकरचे उरलेले काम करायला सचिनला आलो. शेडमध्ये कोणी नव्हते, कॅमेरा नुकता लावला होता. मी पडद्याकडे पाहिले. पिवळी चौकट होती. रिकाम्या वाळूवर, भटू जिथे पडला होता तिथे.

कॅमेरामन म्हणाला, कापडाच्या सुरकुत्यांनाही यंत्र कधीकधी चेहरा समजते.

तिथे कापड नव्हते.

रविवार, १६ नोव्हेंबर

आज धीर करून भटूच्या घरी गेले. तो अंगणात बसला होता. ऊन थेट डोळ्यांत, आणि पापणी लवत नव्हती. योगिता हसत हसतच बोलत होती, पण पदर सारखा बोटाला गुंडाळत होती. म्हणाली, रोज डोक्यावरून अंघोळ करतो तरी उशीवर वाळू सापडते. जेवायला वाढले की ताटाकडे बघतो, उपाशी राहतो. आधी त्याच्या हसण्याबद्दल शेजारी तक्रार करायचे. आता शेजारीच विचारतात, गावाला गेला का?

निघताना मी त्याला विचारले, बरे वाटत नाही का? तो उन्हाकडेच बघत म्हणाला,

“माले आजून कोनी उठाडं नही, ताई.”

मंगळवार, १८ नोव्हेंबर

सांगितले. बाई, मी सगळ्यांसमोर सांगितले. त्या दिवशी हसणे झाले नव्हते आणि मी खोटी मान हलवली.

वाटले होते, योगेंद्रभाई मला हसतील. ते चष्मा पुसत राहिले. धनश्रीने मग तिच्याजवळचे सांगून टाकले. काल भटूच्या मानेला रंग लावताना तिचे बोट त्याच्या शिरेवर गेले. तिने बोट तिथेच ठेवले, बराच वेळ. मग बाहेर जाऊन साबणाने हात धुतले. मला ओरडली नाही. ओरडली असती तर बरे वाटले असते.

लगेच इच्छापोरच्या पट्ट्यात त्याला कॅमेऱ्यासमोर बसवले. सगळ्यांनी विनोद सांगितले. भटूने खूप प्रयत्न केला. तोंड उघडले, खांदे हलले. आवाज आला नाही. तोंडातून थोडी वाळू पडली.

चौकट आली नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर

माझ्या मनात असे येते — तो जिथे मेला तिथेच उठला पाहिजे. तोच गणवेश, तोच कॅमेरा, तीच वाळू. शॉट संपलाच नाही, मध्येच राहिला आहे. योगेंद्रभाईंना पटले, किंवा पटवून घ्यावे लागले. शेडच्या मालकाला शनिवारी संध्याकाळी जागा मोकळी हवी. ट्रक येऊन वाळू घेऊन जाणार. वाळू गेली की तो उठणार कुठून?

भटूचे हात आज कोपरापर्यंत गार. योगिता त्याला गोधडी पांघरून बसली होती. ती मला एवढेच म्हणाली, “ताई, तू मान हलवनी ना, आते तूच त्याले उठाड.”

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

कॅमेरा शिकले. चालू करणे, बंद करणे. धनश्रीने तीनदा बजावले: तो हसेपर्यंत बंद करायचा नाही, काहीही झाले तरी. अर्धवट तुटला तर दुसऱ्यांदा जोडता येणार नाही, असे तिला वाटते. मलाही वाटते.

मावशीने विचारले, जेवत का नाहीस. म्हटले, पोट बरे नाही. भीती वाटते हे मला अजून कोणाला बोलून सांगता येत नाही, फक्त लिहिता येते.

शनिवार, २२ नोव्हेंबर

शेडमध्ये आहे. भर दुपार. पत्र्याच्या फटींतून ऊन येते. योगिता आणि धनश्री दाराबाहेर बसल्या आहेत. आत यायला धनश्रीचे पाय वळेनात. माझेही वळत नव्हते. बाकीचे इच्छापोरला.

भटू बंकरमध्ये पडला आहे. छातीपर्यंत वाळू मीच ओढली. बटणे तपासली. दुसरे उघडे, धूळ डाव्या गालावर. सगळे त्या दिवशीसारखे.

कॅमेरा चालू केला आहे. लिहीत राहिले की पळून जावेसे वाटत नाही, म्हणून लिहिते.

पडद्यावर चौकट आहे. भटूच्या चेहऱ्यावर नाही. त्याच्या शेजारी, वीतभर अंतरावर, वाळूत.

मला विनोद सांगता येत नाहीत. तरी सांगितला. लूमवर नवीन लागलेल्या बहिऱ्या माणसाचा, भटूनेच सांगितलेला, तेव्हा मी हसले नव्हते. या वेळी मी हसले. मोठ्याने. त्याच्यासारखे, सगळ्या अंगाने. आणि हाक मारली — लोटू, ऊठ.

इतके दिवस शॉट चालू असताना आम्ही सगळेच त्याला लोटू म्हणत होतो. सवयीने —

बाई, मी चुकीच्या माणसाला हाक मारली.

कोणीतरी हसले. भटू नाही. भटूचे तोंड मिटलेले आहे. हसू वाळूतून आले. खूप दिवसांत न हसलेल्या माणसाचे, आधी खोकल्यासारखे, मग मोकळे.

चौकट वर सरकते आहे. उठून बसावे तशी.

डोळ्यांनी पाहिले तर तिथे कोणी नाही. वाळू मात्र खाली ओघळते आहे, दोन खांद्यांवरून ओघळावी तशी.

भटूला हाक मारली. भटू, भटू, ऊठ, योगिता बाहेर थांबली आहे. त्याची बोटे हलली. खरंच हलली.

चौकट उभी आहे. माणसाच्या उंचीवर.

बंद करू शकत नाही. आता बंद केले तर भटू असाच —

चौकट मोठी होते आहे. म्हणजे चेहरा कॅमेऱ्याच्या जवळ येतो आहे. ज्याचा कधी फोटो निघाला नाही तो —

भटूने डोळे मिटून उघडले. पापणी लवली, बाई. अजून हसला नाही. एकदा हसू दे. मी हलणार नाही, त्याने एकदा हसू दे —

ओठ हलतात त्याचे —

वाळूचा वास, अगदी तोंडाजवळ. चौकट आता पडद्यात मावत नाही, आणि भटू — हसतो आहे, बाई, भटू हसतो — आता बंद करते, माझा हात बटणावर, पण माझ्या हातावर कोणाचा तरी —

पाठवले : शनिवार, २२ नोव्हेंबर २०२५, दुपारी ३ वाजून १७ मिनिटे