संग्रहालयाचं एकच दार

भोकरदन, मंगळवार, १० मार्च १९५३. संध्याकाळ.

आज भ्यालो. कशाला भ्यालो ते लिहून काढतो, म्हणजे बराबर कळेल.

मी काढलेला संग्रहालयाचा नकाशा कागदावर गावाला समजत न्हाई, म्हणून आज मैदानात चुन्याच्या फक्कीनं पूर्ण मापात आखला. म्हटलं, आत चालून बघा, इमारत तुमचीच आहे. शेतात सापडलेले मणी, मातीच्या बाहुल्या ह्याच लोकांनी आणून दिल्यात. मी दालनं दाखवली, काचेचं छत समजावलं. सगळे पांढऱ्या रेघेबाहेरच उभे. आत मी एकटा.

शेवटी म्हातारी कासाबाई बोलली. पहिली बाहुली तिनंच दिलेली.

"साहेब, दुसरं दार कुठंय?"

"एकच आहे. चोरी होऊ नये म्हणून."

"मंग पुढून माणसं आली तर लेकरं घेऊन निघायचं कुठून? गडबडीच्या साली आमी मागल्या दारानंच वाचल्तो."

निजामाचं राज्य गेलं तेव्हाच्या त्या मारकाटीला पाच वर्षं होतील. मी म्हणालो, आता तसं होणार न्हाई, बिलकुल न्हाई. पण माझा आवाज मलाच खरा वाटेना.

परवा खात्याचे मोठे साहेब नकाशावर सही करणार. एकच दार, ही त्यांची अट. दुसरं मागितलं तर माझी नोकरी राहील? न मागितलं तर आत येणार कोण? आणि माझ्या भरवशावर कोणी आलंच, आणि पुढून...

हे मुक्कामाच्या खोलीत लिहून राह्यलोय. आत्ता ध्यानात आलं. आल्या दिवशीच मी बसायची खुर्ची ओढून मागच्या दाराशी ठेवली होती. त्या दाराची कडी रोज काढलेलीच असते.