अंगण साफ

कुसेवेरे,
८ ऑक्टोबर १९९५

ति. वाल्दुरदादास,

हेल्यूचा सा. न. वि. वि. तीन वर्षांनी पत्र लिहिते आहे. अक्षर वाईट आहे, शुद्धलेखन त्याहून वाईट. हसायचं तर तिकडे पार्नूत हस, उत्तरात नको.

बटाटे निघाले. गाय व्यायली, कालवड झाली. आईचे गुडघे सौना तापवली की गप्प बसतात, निवली की बोलायला लागतात.

आता कामाचं. तुझा स्वातंत्र्य पक्ष आणि आमचा पितृभूमी पक्ष डिसेंबरात एक होणार. मार्चच्या निवडणुकीत एका यादीवर उभे राहिलो, एकशे एक जागांत आठ निवडून आले. तेव्हा वरच्या शहाण्यांना कळलं, की एका घरात दोन चुली परवडत नाहीत. नाव ठेवलंय पितृभूमी संघ. मग गावातही एकच शाखा हवी. इथली प्रमुख मी आहे. का, तर खोली झाडायला दुसरं कोणी तयार नव्हतं.

तुमच्या पक्षातला म्हातारा इल्मार आणि त्याचा मेहुणा म्हणतात, वाल्दुर आला तर आम्ही येऊ. वाल्दुर काही येत नाही. मग यांना मी काय कोबीबरोबर पिंपात मुरवत ठेवू? २६ नोव्हेंबरला, रविवारी, दूधकेंद्राच्या जुन्या खोलीत बैठक आहे. ये. माझ्यासाठी नको, आईसाठी ये. दर रविवारी ती तुझी ताटली काढते आणि जेवणं झाली की तशीच कोरडी परत ठेवते. तो कपाटाचा आवाज मला आता ऐकवत नाही.

कळावे. लोभ आहे तेवढा आहे, वाढवणं तुझ्या हातात.

हेल्यू


पार्नू,
१९ ऑक्टोबर १९९५

चि. हेल्यूस वाल्दुरचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. कालवडीचं वाचून बरं वाटलं. मी बसगाड्या दुरुस्त करतो आहे, त्या परत बिघडताहेत, तेव्हा पोटाची काळजी नाही.

एक शाखा म्हणतेस. अठ्ठ्याऐंशी साली आम्ही पक्ष काढला तेव्हा रशियन इथेच बसलेले होते. त्याआधी मी त्यांच्या कैद्यांच्या छावणीत लाकडं फोडून आलो होतो. तुमची टायवाली पोरं तेव्हा परीक्षा देत होती. आता पाटीवर नाव त्यांचं, आणि आम्ही चहातल्या साखरेसारखे विरघळायचं? माझ्याच गावात मी पाहुणा म्हणून बसू?

आणि प्रमुख कोण, तर ब्याण्णव साली भिंतीवर 'अंगण साफ' ही निवडणुकीची घोषणा वाचून दूधकेंद्राची घंटा वाजवणारी आणि सगळं गाव झाडू-फावडी घेऊन दुकानापुढे उभं करणारी माझी बहीण. मी हसलो. सगळं गाव हसलं. शिक्षा मात्र मला एकट्याला, तीन वर्षांचा अबोला.

इल्मारला सांग, त्याला स्वतःचे पाय आहेत. आईला नमस्कार.

लोभ माझाही आहे, पण त्याची बस दुरुस्तीला आली आहे.

वाल्दुर


कुसेवेरे,
३० ऑक्टोबर १९९५

ति. दादास न. वि. वि.

साष्टांग गाळला आहे, पाठ दुखते.

गाव माझ्यामुळे हसलं नाही. तू दुकानाच्या पायरीवर चढून म्हणालास, की गाय फाटक वाचते तशी माझी बहीण भिंती वाचते. त्यावर हसलं. मी सगळ्यांसाठी हंडाभर सातूचं सूप करून आणलं होतं, ते तू प्यायलास आणि मग हे बोललास.

रशियनांच्या वेळच्या जुन्या साहेबांना खुर्चीवरून उठवा, असा त्या घोषणेचा अर्थ होता, हे आता मलाही ठाऊक आहे. चौथीतून काढून मला सामुदायिक शेताच्या गाईंखाली बसवलं होतं, मला अंगण म्हटलं की अंगणच दिसतं. पण येऊन बघ. गंजलेली ट्रॅक्टरची धुडं गेली, फुटक्या बाटल्या गेल्या. दर शरदात तिथे गावाची इर्जिक होते, सगळे मिळून झाडतात. आणि तुझ्या शहाण्या अर्थाचं काय झालं? आपल्या सामुदायिक शेताचा जुना अध्यक्ष अजून खुर्चीतच आहे, फक्त गादी मऊ झाली. माझं अंगण तरी साफ आहे.

छावणीत तू राहिलास, ते तुझ्याकडून कोणी काढून घेत नाही. मी विणलेले मोजे तिथल्या पहारेकऱ्यांनी घातले, तेही मला ठाऊक आहे. पण साखरेचं रडगाणं मला सांगू नकोस. साखर विरघळली म्हणून जाते कुठे? चहा गोड होतो, एवढंच.

तोंड दाखवायची लाज वाटत असेल तर मार्दीचा सण येतोच आहे. कोट उलटा घाल, दाढी लाव आणि घरोघर फिरणाऱ्या सोंगाड्यांबरोबर ये. मार्दीच्या सोंगाला दारातून कोणी परत पाठवत नाही, मीसुद्धा नाही.

लोभ तळघरात ठेवलाय, कोबीशेजारी. तिथे टिकतो.

हेल्यू


कुसेवेरे,
१२ नोव्हेंबर १९९५

ति. दादास सा. न. वि. वि.

पाठ बरी आहे. तू इथे नव्हतास, म्हणून एक गंमत कळवते.

शुक्रवारी संध्याकाळी मार्दीची सोंगं आली. इल्मार आणि मेहुणा आमच्याकडेच जेवायला होते. सोंगांनी गाणी म्हटली, गाई-बैलांना बरकत मागितली. त्यांचा मार्दीबाबा चांगला उंच होता, उलट्या कातडी कोटात, जवसाच्या धाग्यांच्या दाढीत. बाकीचे कलकलाट करत होते, हा एक शब्द बोलेना. रिवाजाप्रमाणे त्याने मूठभर राय धान्याचे दाणे जमिनीवर उधळले. इथपर्यंत ठीक.

मग तो चुलीमागे गेला. झाडू नेमका कुठे असतो ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तो घेऊन झाडायला लागला. बाकाखालून, कोपऱ्यातून, पार उंबऱ्यापर्यंत. दादा, माझा जन्म गेला, पण झाडणारा मार्दी मी पाहिला नव्हता. इल्मारचा चमचा हवेतच राहिला. तो म्हणाला, बाबाला विचारा, बैठकीला येणार का.

सोंगाला नाव विचारायचं नसतं, म्हणून मी विचारलं नाही. आईने ताटली काढली आणि रक्ताचं सॉसेज वाढलं. त्याने दाढी एका हाताने बाजूला धरून सगळं संपवलं. आई म्हणाली, मार्दीबाबा, पुढच्या खेपेला दाढी घरी ठेवून ये, रश्शात बुडते. मग मंडळी पुढच्या घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी इल्मारने शाखेसाठी आपलं आणि मेहुण्याचं, दोघांची नावं दिली. ताटली आईने धुतली, पण कपाटात ठेवली नाही. टेबलावरच आहे.

बैठकीआधी दुकानापुढचं अंगण झाडायचं ठरलंय. पानं फार पडली आहेत.

लोभ तळघरातून वर आणला आहे.

हेल्यू


पार्नू,
१८ नोव्हेंबर १९९५

चि. हेल्यूस अ. उ. आ.

मार्दीचं वाचलं. कोण असेल, कळत नाही.

बैठकीच्या आदल्या दिवशी, शनिवारच्या बसने येतो. ती मीच दुरुस्त केली आहे, तेव्हा थोडा उशीर धरा. अंगण सगळं झाडून टाकू नका, माझ्या वाटणीचं राहू द्या. आणि सूप कर, सातूचं.

वाल्दुर