भिंतीवरचा कागद

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
२१ नोव्हेंबर २०२५

प्रिय शिवराज,

तुला याआधी कधी पत्र लिहिल्याचं आठवत नाही. तू शिकायला वैजापूरहून इथं आलास तेव्हा घरोघरी फोन होते, आणि मला जन्मभर 'विषय' आणि 'संदर्भ' लिहिलेली पत्रंच तेवढी जमली. हे पत्र तुझ्या हातात पडायच्या आधी हर्सूलच्या कारागृहात कुणीतरी वाचेल. वाचू दे. बाजार समितीच्या परवाना शाखेत बत्तीस वर्षं मीही दुसऱ्यांचे कागद वाचूनच पोट भरलं. उद्या अकरा वाजता मला आर्थिक गुन्हे शाखेत जबाबाला बोलावलंय. तुझ्या वकिलांनी दोन ओळी लिहून पाठवल्यात, तेवढ्याच बोला म्हणाले. त्या ओळी शर्टाच्या खिशात आहेत, आणि तुझ्याशी बोलल्याशिवाय मला जायचं नाही.

आधी घरचं सांगतो. आईचे गुडघे आहेत तसेच आहेत. जिना उतरला की तुझ्या ऑफिसचं सील केलेलं शटर समोर येतं. तिथं आली की ती पदर सावरते आणि भराभरा पुढं जाते, गुडघे दुखत असले तरी. त्या दिवशी तुला भेटायला आली तेव्हा तुझ्यासमोर हसत होती ना? रिक्षात बसल्यापासून घरापर्यंत रडली. हे तुला कळवायचं नाही अशी मला सक्त ताकीद आहे. पण आपल्या घरात लपवालपवी जरा जास्तच झाली, म्हणून लिहितोय.

यंदा म्हाळसाबाई आली नाही. तुला आठवत असेल, वैजापूरला असताना दिवाळी सरली की तिचा नवरा मुंजाबा आणि ती मेंढरं घेऊन वाटेला लागायचे, ते मिरगालाच परत. निघायच्या आधी म्हाळसाबाई तिची चांदीची सरी, गोठ आणि घरातले कागद एका फडक्यात बांधून आईपाशी ठेवायला यायची. गाठ तिनंच मारायची आणि परत आल्यावर तिनंच सोडायची. एका वर्षी पेटीला वाळवी लागली तेव्हा आईनं ते गाठोडं आठ दिवस उन्हात ठेवलं आणि राखण करत शेजारी बसून राहिली, पण गाठीला बोट लावलं नाही. आपण उस्मानपुऱ्यात आलो तरी म्हाळसाबाई एसटीनं यायची. आईनं यंदाही पेटी पुसून ठेवली होती. भाऊबीज झाली, पंधरवडा झाला, मग तिनं त्यांच्या मुलाला, रामला फोन लावला. तो म्हणाला, "मावशे, त्यास्नी जाऊन बारा दिस झालं. गाठुडं संगंच नेलंय मायनं." एवढंच. तुझं नावही त्यानं काढलं नाही. आईनं फोन ठेवला आणि त्या पेटीत स्वतःच्या साड्या भरल्या.

तुझ्या कारभारीमामाची गोष्ट तू मला नेहमी ऐकवायचास. सख्ख्या मेहुण्याचा आडतीचा परवाना अडवणारा बाप, म्हणून. खरं आहे. कारभारीच्या जामीनदारानं माघार घेतली होती, दुसरा जामीन मिळेना, आणि कांद्याचा हंगाम तोंडावर. तो घरी जेवायला आला, दोन भाकरी खाल्ल्या, आणि हात धुता धुता म्हणाला, "भावजी, एक सही." मी केली नाही. तीन वर्षं तुझी आई माहेरी गेली नाही आणि तुला मामाच्या मळ्यातली बोरं मिळाली नाहीत. मला तेव्हा वाटायचं, शेतकरी माल आडत्याच्या हवाली करून घरी जातो, त्याच्या माघारी तिथं उभा राहणारा मीच. मला त्याचा लई गर्व होता. आता लिहिताना कान गरम होतात.

मग तू खाली तुझं दुकान काढलंस. तू त्याला ऑफिस म्हणायचास. लोकांनी घेतलेली क्रिप्टोची नाणी तू त्यांच्या वतीनं सांभाळणार होतास. त्याची किल्ली म्हणजे शब्दांची एक यादी असते आणि ती तुझ्यापाशी राहणार, हे तू मला चहाच्या कपांवर समजावून सांगितलंस. मी माझ्या सवयीनं पहिला प्रश्न विचारला, परवाना कुणाचा? तू म्हणालास, वेगळा परवाना असा नाही, पण २०२३ पासून दिल्लीत नोंदणी करावी लागते. वित्तीय गुप्तचर विभागाकडं. प्रत्येक गिऱ्हाइकाची ओळख तपासायची, व्यवहाराच्या नोंदी ठेवायच्या, जबाबदार अधिकारी नेमायचा. मग केलीस का, म्हटलं. अर्ज अर्धा भरलाय, म्हणालास, बाकीचं होईल, मोठ्या शहरातल्यांना परवडतं ते आपल्याला कसं परवडावं. मग तू हसलास आणि म्हणालास, "तात्या, आईनं म्हाळसाबाईचं गाठोडं ठेवायला कुठलं लायसन काढलं होतं?"

खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला तुझं कौतुकच वाटलं. माझा पोरगा वकिलासारखा बोलतो, असं मनात आलं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर आता सुचतंय, वरातीमागून घोडं. आईपाशी एकच गाठोडं होतं आणि ज्या बाईचं ते होतं ती दर वर्षी उंबऱ्यात येऊन आईच्या डोळ्यांत बघायची. तुझ्यापाशी चारशे लोकांचं होतं. त्यातल्या निम्म्यांचे चेहरे तुला माहीत नव्हते आणि सगळ्यांचं तू एकाच ठिकाणी ओतलं होतंस. जिथं माणूस समोर येऊन गाठ तपासू शकत नाही, तिथं त्याच्या वतीनं तपासणारा कुणी लागतो. दिल्लीची ती नोंदणी म्हणजे ठेवीची हमी नव्हे, हे मी नंतर वाचलं. पण निदान कुणी परका तुझ्या वह्यांत डोकावला असता. लोकांची नाणी जास्त परताव्यासाठी परदेशातल्या त्या कंपनीत लावताना तुझा हात एकदा तरी थबकला असता. कंपनी बुडाली तेव्हा तू तीन दिवस जेवला नव्हतास. तू चोर नाहीस, शिवराज. तुला वाटलं, वाढवून परत देऊ. पण ती नाणी वाढवायला दिलेली नव्हती, ठेवायला दिलेली होती.

आता उद्घाटनाच्या दिवसाचं. मुंजाबा मुद्दाम आला होता, धुतलेला पटका बांधून. निम्मी मेंढरं विकून आलेला पैसा लेकीच्या, शालूच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी कुठं ठेवावा, या विवंचनेत होता. बँकेत ठेव म्हणायचं सोडून तू त्याला डॉलरच्या भावाचं नाणं समजावलंस, आणि तो मान हलवत राहिला. त्याला त्यातलं काही कळलं नव्हतं. तू पेढे वाटायला बाहेर गेलास तेव्हा तो माझ्यापाशी आला. तुझ्या टेबलामागं तो फ्रेम केलेला कागद होता, वर राज्य शासनाचं नाव आणि राजमुद्रा असलेला. ती शॉप अ‍ॅक्टची पावती होती. मी दुकान उघडलंय, असं आपणच सरकारला कळवायचं आणि सरकारनं कळलं म्हणायचं, एवढाच तिचा अर्थ. पानाच्या टपरीलाही मिळते. मुंजाबानं तिच्याकडं बोट केलं आणि विचारलं, "तात्या, मला वाचता येत नाय. ह्यो सरकारचा परवाना हाय का?"

पोलिसांना तू सांगितलंस की वडिलांना धंद्यातलं काही माहीत नव्हतं, त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. वकिलांच्या दोन ओळीही त्याच आहेत. मुंजाबाच्या तक्रारीत लिहिलंय की परवाना असल्याचं तात्यासाहेबांनी स्वतः सांगितलं. पोलीस आता त्याला विचारतात, कशावरून? अंगठा उठवणाऱ्या माणसाच्या बोलण्याला साक्षीदार नाही. तुझ्या एका वाक्यानं मी सुटतो आणि मुंजाबा खोटा ठरतो. शिवराज, मी त्याला म्हणालो होतो, "व्हय मुंजाबा. कागद रीतसर हाय." बत्तीस वर्षं ज्या नजरेनं पावती आणि परवाना वेगळा केला, त्याच नजरेनं त्या भिंतीकडं बघून म्हणालो, आणि त्या शब्दावर त्यानं पैसे तुझ्यापाशी ठेवले. बाहेर तू पेढे वाटत होतास, किती वर्षांनी तुला इतका खूश पाहत होतो. उद्या मी हेच सांगणार आहे. मग मलाही आरोपी करतील, असं वकील म्हणतात. आईला संध्याकाळी सांगितलं. ती माझा पांढरा सदरा इस्त्रीला देऊन आली. पुढच्या तारखेला मी तुझ्या शेजारी उभा दिसलो तर मान खाली घालू नकोस, आणि मला वाचवायला पुन्हा तेच बोलू नकोस. तू माझ्यासाठी खोटं बोललास हे कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन रडलो. या सगळ्यात तुला बापाची आठवण होती, एवढं मला पुरलं. आता ते वाक्य मागं घे, बाळा. त्यानं मला मिळतो तो खरेपणा मुंजाबाच्या वाट्याचा आहे.

तुझाच,
तात्या